शिपायासाठी छापलेलं आणि शिपायांनी काढलेलं

बेळगावच्या छावणीचा इतिहास म्हटला की आपण लढाया सांगतो, पदकं मोजतो. या पलटणींतले लोक वाचत काय होते, हा प्रश्न आपल्या मंडळात फारसा निघालेला नाही. १९२२ च्या फेररचनेत मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या आणि त्यांच्या प्रशिक्षणाचं ठिकाण बेळगाव झालं. तेव्हापासून कोकण, सातारा, कोल्हापूर आणि आपल्या भागातली पोरं इथे रिक्रूट म्हणून येतात. त्यांच्या हातात जो कागद पडत होता, त्याविषयी हा लेख आहे.

लष्करी नियतकालिकं ढोबळमानाने दोन जातींची. एक वरून खाली येणारं, म्हणजे सरकारने शिपायासाठी छापलेलं. दुसरं पलटणीतल्याच माणसांनी आपल्या माणसांसाठी काढलेलं. दोन्ही वाचायची पद्धत वेगळी आहे.

पहिल्या जातीचं मोठं उदाहरण ‘फौजी अखबार’. २ जानेवारी १९०९ ला अलाहाबादेत हे साप्ताहिक सुरू झालं. १९२३ पासून इंग्रजी आवृत्तीही निघू लागली. फाळणीच्या गोंधळात १९४७ मध्ये ते बंद पडलं, १९४८ मध्ये पुन्हा निघालं आणि १९५४ मध्ये त्याचं नाव ‘सैनिक समाचार’ झालं. आज ते १३ भाषांत निघतं. त्यात मराठी आहे आणि कन्नडही. एकाच नियतकालिकाच्या या दोन आवृत्त्या एकाच बराकीत शेजारी पडलेल्या असू शकतात, ही गोष्ट सीमाभागातल्या माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इंग्रजी अमदानीत मात्र लष्कराची सामाईक भाषा रोमन उर्दू होती. म्हणजे बोली हिंदुस्तानी, पण लिपी इंग्रजी. मराठी रिक्रूटला गावाकडे पत्र लिहायचं तर ते मराठीत. पलटणीचं लिहिणं-वाचणं शिकायचं तर ते ए-बी-सी-डीत! साहेबाला वाचता यावं ही एक सोय. दुसरी सोय यंत्राची. रोमन लिपीला २६ अक्षरं, मोठी-लहान धरली तरी ५२. टाइपरायटर कुठेही मिळतो. देवनागरी छापायची तर काने, मात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागतात आणि ते जुळवणारा जाणकार जुळारी लागतो. तो छावणीत कुठून आणणार? भाषेचं धोरण आपण हुकूमनाम्यात शोधतो. मला त्याचा काही भाग खिळ्यांच्या पेटीतही दिसतो.

दुसऱ्या जातीचं जगप्रसिद्ध उदाहरण बेल्जियममधलं. १९१६ साली ईप्र शहराच्या पडझडीत शेरवुड फॉरेस्टर्सच्या १२ व्या बटालियनला एक छापखाना सापडला. ही पायोनिअर बटालियन, म्हणजे खंदक खणणारे, रस्ते बांधणारे लोक. त्यांच्यातला एक सार्जंट मूळचा छपाईवाला निघाला. कॅप्टन रॉबर्ट्स संपादक झाले आणि १२ फेब्रुवारी १९१६ ला ‘वायपर्स टाइम्स’चा पहिला अंक आला. शिपायांना ‘ईप्र’ म्हणता येईना, ते ‘वायपर्स’ म्हणत, म्हणून हे नाव. पलटण हलली की पत्राचं नावही बदलायचं. सॉमला गेली तेव्हा ते ‘सॉम टाइम्स’ झालं. त्यात खोट्या जाहिराती, विडंबनं आणि वरिष्ठांची टिंगल असायची. काही अक्षरांचे खिळे इतके कमी होते की एका वेळी एकच पान जुळवता येई. रोमनची ही गत, तर देवनागरीचं काय झालं असतं, विचार करा.

आपल्याकडे पलटणीतल्या माणसाला छापखान्याशिवाय स्वतःचं पत्रक काढता येण्याचा सोपा मार्ग म्हणजे सायक्लोस्टाइल. मी नोकरीच्या सुरुवातीला कारखान्याचं पत्रक या यंत्रावर काढलेलं आहे, म्हणून थोडं सांगतो. मेणकागदावर टाइपरायटर रिबीन काढून चालवायचा. मथळे आणि चित्रं टोचणीने कोरायची. चूक झाली की लाल द्रव लावून, वाळवून, पुन्हा टंकायचं. जोरात ठोकलं की ‘व’ नि ‘ब’ची पोटं गळून पडत आणि छपाईत तिथे काळा ठिपका येई. काही शे प्रती निघाल्या की स्टेन्सिल फाटायची. पण खिळे नकोत, जुळारी नको. ज्याचं अक्षर चांगलं तो कारकून देवनागरीत पान लिहू शके.

आता वाचायचं कसं ते. सरकारी अंकात शिपाई नेहमी समाधानी असतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं तपासायला स्वतंत्र सेन्सॉर नेमला होता. त्याच्या अहवालांत उतरलेल्या पत्रांमध्ये थंडी, जखमा, घरची ओढ, सगळं आहे. छापील अंक आणि ही पत्रं शेजारी ठेवली की काय गाळलं गेलं ते कळतं. पलटणीच्या पत्रकातही कमांडिंग ऑफिसरच्या नजरेखालून गेल्याशिवाय काही येत नाही, हे धरून चालावं. म्हणून मी अग्रलेख भरभर वाचतो आणि रटाळ पानांवर थांबतो. बढत्या, निवृत्त्या, कुस्तीचे निकाल, निधनवार्ता. एका पलटणीत चार-चार जाधव असतात. पदकांच्या यादीत नाव नि नंबर मिळतो, गाव मिळेलच असं नाही. मी पाहिलेल्या पत्रकांत निवृत्त सुभेदाराच्या नावापुढे गाव आणि तालुका होता. त्या एका ओळीने माणूस आपल्या नकाशावर येतो.

हे कागद आज रद्दीत चाललेत. पेन्शनर गेला की नातवंडं पदक ठेवतात, फोटो ठेवतात आणि पिवळी पत्रकं वजनावर देतात. सायक्लोस्टाइलचा कागद स्वस्तातला, घडीवर तुटतो. त्याची दुसरी प्रत असेलच याचा भरवसा नाही. आपल्या ओळखीत माजी सैनिकाचं घर असेल तर एकदा ट्रंक उघडून बघा. घडी जबरदस्तीने उलगडू नका, पिन काढा, सेलोटेप लावू नका, सपाट ठेवून फोटो घ्या. कुटुंबाची परवानगी घ्या. अलीकडचे अंक असतील तर रेजिमेंटला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. लढायांची पुस्तकं पुन्हा छापता येतील. हे कागद गेले की गेले.