अंगण, कुरण आणि उसाचा फड

दिवाळीच्या सुमारास जालना जिल्ह्यांतील अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून ऊसतोड कुटुंबें साखर कारखान्यांकडे निघतात, आणि त्यांबरोबर हजेरीपटावरील कांहीं नांवेंहि गांव सोडतात. तान्हें भावंड सांभाळावयास मोठी बहीण फडावर हवीच असते.

मुलाचें मन ओळखावें, मुलांनीं मिळून कांहीं करीत शिकावें, हें तत्त्व हल्लीं नवें म्हणून सांगितलें जातें. नवें तें नव्हे. अमेरिकेंत किलपॅट्रिक यांनीं १९१८ सालीं प्रकल्प-पद्धति मांडली. १९३७ च्या वर्धा परिषदेनें हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानीं आणला. परंतु या बहिणीसारख्या मुलांपर्यंत तें तत्त्व नेलें तें ताराबाई मोडक यांनीं. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरास काम केलेल्या ताराबाई १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीस आल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेंच येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण वस्तींतील गरिबांचीं मुलें येईनात. तेव्हां मुलांना बोल न लावतां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली. स्नान, गाणीं, गोष्टी तेथेंच होऊं लागल्या. महागड्या माँटेसरी साधनांची जागा शंखशिंपले, बिया, पानें यांनीं घेतली.

पुढें कोसबाडास वारली मुलें गुरांमागें जात, म्हणून कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. तान्हें पाळणाघरांत निजलें म्हणजे बहीण वर्गांत बसूं शके! त्यांच्या साऱ्या कार्यांत मला हीच योजना सर्वांत मोलाची वाटते. पुस्तकी बालमानसशास्त्रास ती सुचली नसती.

१९७५ सालीं एकात्मिक बालविकास योजनेनें अंगणवाडी हा शब्द देशभर नेला. कुरणशाळा मात्र कोसबाडाबाहेर फारशी गेली नाहीं.

बोर्डीचें काम सुरू झालें तेव्हां जालना निजामाच्या राज्यांत होतें. स्वतंत्र जिल्हा तो १९८१ सालीं झाला. ऊसतोड मुलांसाठीं पुढें दोन उपाय निघाले. साखरशाळा मुलाच्या मागोमाग फडावर जाते. ती कुरणशाळेचीच सख्खी बहीण. हंगामी वसतिगृह मुलाला गांवींच ठेवतें. त्यानें हजेरी टिकते खरी, पण सातआठ वर्षांचें मूल कित्येक महिने आईवांचून राहतें, त्याच्या मनाचें काय? आणि बहीण गांवीं राहिली, तर फडावरचें तान्हें कोणी घ्यावयाचें?