मोटारीतील निळी-लाल पट्टी

जुलै महिन्यात कशेळ्याहून कर्जतकडे निघालेल्या मोटारीत चार-पाच माणसे ओल्या कपड्यांनिशी बसली, की थोड्याच वेळात समोरची काच आतून धूसर होते. चालक फडक्याने ती पुसतो. ती पुन्हा धूसर होते. मोटार थोडी जुनी असेल, तर डॅशबोर्डवर निळ्या-लाल पट्टीवरची सरकती दांडी, पंख्याचे बटण आणि एसीची कळ असते. काच स्वच्छ ठेवण्याचा उपाय तिथेच असतो. पण ‘पावसात हवा गारच आहे, एसी कशाला?’ असे म्हणून तो बहुधा वापरला जात नाही. या दांडीचा इतिहास पाहिला, तर ती नेमके काय करते हे समजते.

मोटारीत आधी आली ती ऊब, गारवा नंतर आला. पेट्रोल इंजिनात इंधनातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता धुराड्यावाटे आणि रेडिएटरमधील पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. थंड देशांत ही फुकटची उष्णता वापरणे साहजिकच होते. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ साली बाहेरची ताजी हवा पंख्याने आत ओढून, इंजिनाच्या गरम पाण्याच्या नळ्यांवरून नेऊन प्रवाशांना देण्याची व्यवस्था केली. हीटर म्हणजे इंजिनाचा दुसरा, लहान रेडिएटरच होय.

गारवा मात्र फुकट मिळत नाही. आपल्याकडे विदर्भात वाळ्याच्या ओल्या पडद्यांनी खोली गार करण्याची जुनी रीत आहे. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेते. कोकणच्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही. तेथे सहज उकळणारे द्रव्य बंद नळ्यांत फिरवावे लागते. आत ते वायुरूप होताना उष्णता घेते आणि बाहेर, दाबाखाली पुन्हा द्रवरूप होताना ती सोडते. एसी ‘थंडी तयार’ करत नाही, तो आतील उष्णता बाहेर नेऊन टाकतो.

असे यंत्र मोटारीत प्रथम विक्रीसाठी आणले ते अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने, १९३९ साली. त्याच्या शीतक नळ्या मागच्या सामानाच्या जागेत होत्या आणि चालकाच्या हाती फक्त पंख्याचे बटण होते. कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर सतत फिरत राही. तो बंद करायचा तर मोटार थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे! पुढे विद्युतचुंबकी क्लच आला आणि कंप्रेसर बटणाने जोडता-तोडता येऊ लागला. १९५४ साली नॅशने हीटर आणि एसी पुढच्या भागात एकत्र बसवले. १९६४ च्या कॅडिलॅक मोटारींत चालकाने तापमान ठरवावे आणि बाकीचे काम यंत्रणेने करावे, अशी सोय झाली.

आपल्याकडील चित्र वेगळे होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट आणि पुढे ‘पद्मिनी’ बाहेर पडत. या गाड्यांतील बहुतेकांचे हवा-नियंत्रण म्हणजे पुढच्या खिडकीची त्रिकोणी काच. ती थोडी उघडली, की वाहत्या हवेमुळे कडेला दाब कमी होऊन आतली हवा बाहेर ओढली जाई. उलटी फिरवली, की वारा सरळ अंगावर येई. हौशी मालक डॅशबोर्डखाली एसीची पेटी बसवून घेत. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

जुन्या यंत्रणेत एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. एसीचे बटण सहसा मोटारीतील तापमान ठरवत नाही. त्याची नळी शीतक नळ्यांचे तापमान पाहते आणि त्यांच्यावर बर्फ साचू नये म्हणून कंप्रेसर मधूनमधून बंद करते. निळी-लाल दांडीही तापमान मोजत नाही. ती फक्त तारेने एक झडप किंवा झडपेसारखे दार हलवते आणि गरम पाणी किंवा गरम हवा किती मिसळायची ते ठरवते. ‘किती अंश’ हे चालकाने स्वतः ठरवायचे असते.

आता धूसर काचेकडे वळू. २५ अंश सेल्सिअसला संपृक्त हवेच्या एका घनमीटरात सुमारे २३ ग्रॅम बाष्प असते; ५ अंशाला केवळ ७ ग्रॅमच्या आसपास. दमट हवा एसीच्या थंड नळ्यांवरून गेली, की उरलेले पाणी तिथेच ठिबकते. मोटारीखाली गळणारे पाणी ते हेच. ही कोरडी हवा हीटरवरून नेऊन पुन्हा २५ अंशांवर आणली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ३० टक्के राहते आणि ती काचेवरचे दव चटकन शोषून घेते. म्हणून पावसात एसी चालू, दांडी लालकडे, झोत काचेवर आणि हवा बाहेरून, अशी मांडणी हवी. मात्र काच बाहेरून धूसर झाली असेल, तर उपाय उलटा आहे. तेव्हा काच बाहेरच्या हवेच्या दवबिंदूखाली गेलेली असते. थंड झोत काचेवरून हटवायचा आणि वायपर फिरवायचा.

दुसरा प्रश्न घाटाचा. कशेळ्याहून पुण्याला जायचे तर खोपोलीमार्गे बोरघाट चढावा लागतो. सर जॉन माल्कम यांनी १८३० साली या घाटाचा गाडीरस्ता खुला केला, तेव्हा तो बैलगाड्यांचा होता. चारजणांसह १२०० किलोग्रॅमची मोटार ५५० मीटर उंच नेण्यास सुमारे ६५ लाख ज्यूल कार्य लागते. इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर त्याच्या तिप्पट, म्हणजे जवळजवळ दोन कोटी ज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागते. वेग कमी असल्याने रेडिएटरवर वाराही कमी लागतो. त्यातच एसी चालू असला, तर रेडिएटरपुढे बसवलेला कंडेन्सर येणारी हवा आधीच तापवतो आणि कंप्रेसर इंजिनाच्या शक्तीतला वाटा घेतो. सुमारे ४० अश्वशक्तीच्या पद्मिनीला तो जाणवेच. तापमानाचा काटा चढू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण लालवर ठेवावा. घामाघूम व्हायला होते, पण दुसरा रेडिएटर कामाला लागतो. तरीही काटा उतरला नाही, तर मोटार बाजूला थांबवावी आणि इंजिन गार होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालची वाफ अंगावर येते.

या नळ्यांतील वायूचाही इतिहास आहे. जुन्या मोटारींत आर-१२ हा क्लोरोफ्लुओरोकार्बन असे. तो न पेटणारा, बिनविषारी म्हणून नावाजला गेला. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी असे वायू ओझोनचा थर नष्ट करू शकतात हे दाखवले. १९८७ च्या माँट्रियल कराराने त्यांच्यावर बंधने आली. भारत १९९२ साली त्यात सामील झाला आणि १ जानेवारी २००३ पासून नव्या उपकरणांत त्यांचा वापर थांबला. त्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला इजा करत नाही, परंतु पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे. त्याला वेगळे वंगणतेलही लागते. म्हणून जुन्या यंत्रणेत नवा वायू तसाच भरता येत नाही. ‘गॅस संपला, भरून द्या’ असे म्हणण्याआधी गळती कुठे आहे हे शोधणे आवश्यक आहे, कारण गेलेला वायू हवेतच गेलेला असतो.

वर्गात हे दाखवायला मोटार लागत नाही. स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात थोडाथोडा बर्फ घालावा आणि थर्मामीटर ठेवावा. पेला बाहेरून धूसर होईल ते तापमान म्हणजे त्या दिवसाचा दवबिंदू. जूनमध्ये आणि जानेवारीत, दोन्ही वेळा तो मोजून विद्यार्थ्यांना विचारावे : आज मोटारीची काच कुठल्या बाजूने धूसर होईल, आणि दांडी कुठे सरकवाल?