आंधळी प्रत

मॉस्कोतला कवी निकोलाय ग्लाझकोव १९४०च्या दशकात स्वतःच्या कविता टाइपरायटरवर उतरवायचा, त्यांच्या छोट्या पुस्तिका करायचा आणि मित्रांना द्यायचा. त्या छापून येण्याची आशा नव्हतीच. पण पुस्तक म्हटलं की प्रकाशकाचं नाव हवं. सोव्हिएत पुस्तकांवर त्या जागी ‘गोसिझदात’, म्हणजे सरकारी प्रकाशन, अशी जोडनावं असत. ग्लाझकोवने तिथेच, त्याच थाटात, लिहिलं: ‘सामसेब्याइझदात’. म्हणजे आपलं आपणच काढलेलं. हे लांबलचक नाव लोकांच्या तोंडी झिजत गेलं आणि ‘समिझदात’ उरलं. पुढे बंदी असलेल्या साऱ्या हस्तलिखित आणि टंकलिखित साहित्याला हेच नाव पडलं.

या शब्दाचं कूळ मराठी माणसाला परकं वाटू नये. यातल्या ‘दात’चा आपल्या दातांशी काही संबंध नाही. रशियन ‘दात’ म्हणजे देणं. संस्कृतातला ‘दा’ धातू, आपलं ‘देणं’ आणि ‘दान’ ही सगळी एकाच मुळाची फळं. ‘इझ’ म्हणजे बाहेर. त्यामुळे रशियन भाषेत पुस्तक प्रकाशित करणं म्हणजे ते आतून बाहेर देणं. आणि ‘साम’ म्हणजे स्वतः. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत ‘सम’शी लावतात. आपण होऊन बाहेर देणं, एवढाच या शब्दाचा अर्थ. तो मला फार मोलाचा वाटतो, कारण लिहिण्याइतकंच देणंही त्या देशात गुन्हा ठरत होतं.

नाव नवं असलं तरी रीत जुनी होती. १७९०मध्ये रादिश्चेव यांनी भूदासांच्या हालांवर लिहिलेल्या प्रवासवर्णनामुळे राणी कॅथरिन खवळली. त्यांना आधी मृत्युदंडाची शिक्षा झाली, मग ती बदलून सैबेरियात हद्दपारी. पुस्तक मात्र लोकांनी हाताने उतरवून घेतलं. ग्रिबोयेदोव यांचं नाटकही १८२०च्या दशकात असंच घराघरांत हस्तलिखितांतून पोचलं.

स्टालिनच्या काळात मात्र कागदही जिवावर बेतायचा. ओसिप मांदेलश्ताम यांनी १९३३मध्ये स्टालिनवर एक छोटी कविता केली आणि ती ओळखीच्या काही जणांना नुसती म्हणून दाखवली. मे १९३४मध्ये त्यांना अटक झाली. पुढे पुन्हा पकडले गेल्यावर डिसेंबर १९३८मध्ये व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत ते वारले. त्यांच्या पत्नी नादेझ्दा यांनी नवऱ्याच्या कविता वर्षानुवर्षं डोक्यात वागवल्या. लेनिनग्राडमध्ये कवयित्री आन्ना आख्मातोवा तुरुंगातल्या मुलासाठी आणि तुरुंगाच्या दाराशी रांगेत उभ्या बायांसाठी ‘रेक्विएम’ हे काव्य रचत होत्या. मैत्रीण लिदिया चुकोव्स्काया भेटायला आल्या की आख्मातोवा मोठ्याने चहापाण्याचं काहीतरी बोलायच्या, कारण भिंतींना कान असण्याची भीती. बोलता बोलता कपट्यावर ओळी लिहून पुढे करायच्या. चुकोव्स्काया त्या पाठ करून कागद परत द्यायच्या आणि आख्मातोवा तो रक्षापात्रात जाळायच्या. ‘रेक्विएम’ त्यांच्या देशात छापलं गेलं ते १९८७मध्ये. तोवर त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली होती. तुकोबांची बुडवलेली गाथा लोकांच्या मुखात तरली, ही कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला त्या रक्षापात्राचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

स्टालिन १९५३मध्ये गेला. धाक थोडा ओसरला आणि पाठ असलेल्या ओळी कागदावर उतरू लागल्या. समिझदातचं खरं तंत्र इथून सुरू होतं. छापखाने सरकारचे, प्रती काढायची यंत्रं कुलपात. सामान्य माणसाला मिळण्यासारखं यंत्र एकच: टाइपरायटर. पूर्व जर्मनीतलं ‘एरिका’ हे यंत्र तर इतकं ओळखीचं झालं की अलेक्झांदर गालिच यांनी त्याला आपल्या गाण्यात आणलं. साधा कागद वापरला तर चारपाच प्रतींपुढे अक्षर उमटत नसे. म्हणून सिगारेटच्या कागदासारखा झिरझिरीत कागद घ्यायचा आणि मधे कार्बन पेपर घालत थर लावायचा. कळ जोरात दाबायची म्हणजे ठसा तळापर्यंत पोचतो. बोटं दुखत आणि आवाज शेजाऱ्यांना ऐकू जाई. वरची प्रत ठळक, खालची फिकी, त्याखालची आणखी फिकी. अगदी तळच्या, जेमतेम वाचता येणाऱ्या प्रतीला रशियन लोक ‘आंधळी प्रत’ म्हणत. एवढी मेहनत करून हाती येणाऱ्या प्रती दहाच्या आत. पण त्यातली एकेक ज्याच्याकडे जाई तो रात्रभर वाचून काढी, जमलं तर स्वतः टाइपरायटरवर बसे आणि नवा थर लावी.

मला या साऱ्यात सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही. छापलेलं पुस्तक आपण विकत घेतो, फळीवर ठेवतो, कधीतरी वाचतो. समिझदातच्या वाचकाला प्रत्येक शब्द स्वतःच्या बोटांतून काढावा लागे. चारशे पानं टाइप करायला घेतलेला माणूस पहिल्या रात्री असतो तोच शेवटच्या रात्री उरत नाही. मजकूर त्याच्या अंगात मुरतो, आणि तो पुढे देताना शिक्षा झाली तर त्यात आपला वाटा आहे, हेही त्याने मान्य केलेलं असतं.

हे काम बव्हंशी बायकांनी केलं. १९६४मध्ये योसेफ ब्रोद्स्की या तरुण कवीवर ‘परोपजीवी’ म्हणून खटला भरला गेला, तेव्हा पत्रकार फ्रिदा विग्दोरोवा कोर्टात बसून न्यायाधीश आणि कवी यांचे सवालजबाब टिपून घेत होत्या. ती टिपणं समिझदातमधून देशभर आणि देशाबाहेर गेली. ब्रोद्स्कींची पाच वर्षांची शिक्षा दीड वर्षातच संपली; पण त्यांची सुटका पाहायला विग्दोरोवा राहिल्या नव्हत्या. १९६८च्या एप्रिलमध्ये नताल्या गोर्बानेव्स्काया यांनी ‘चालू घटनांचा इतिवृत्तांत’ या पत्राचा पहिला अंक टाइप केला. अटका, झडत्या, खटले, छावण्यांतले उपास: त्यात फक्त घडलेलं, मतांची फोडणी न देता. बातमी कळवायची तर संपादकाला शोधू नका, ज्याने तुम्हाला अंक दिला त्याच्याकडे द्या, तो त्याला देणाऱ्याकडे देईल, अशी वाचकांना सूचना होती. अंक ज्या वाटेने खाली आला त्याच वाटेने बातमी वर जायची. त्याच वर्षी २५ ऑगस्टला चेकोस्लोव्हाकियावरच्या आक्रमणाविरुद्ध गोर्बानेव्स्काया लाल चौकात गेल्या, तान्हं मूल ढकलगाडीत घेऊन. पुढे त्यांना वेडाच्या इस्पितळात डांबलं गेलं. पत्र मात्र १९८०च्या दशकापर्यंत निघत राहिलं.

आणि लेनिनग्राडच्या येलिझावेता वोरोन्यान्स्काया. सोल्झेनित्सिन यांचा सोव्हिएत श्रमछावण्यांवरचा ग्रंथ ‘गुलाग द्वीपसमूह’ त्यांनी टाइप केला होता. लेखकाने सांगूनही त्यांनी एक प्रत जाळली नाही; तेवढं त्यांच्या हातून झालं नाही. १९७३च्या ऑगस्टमध्ये केजीबी या गुप्तचर खात्याने त्यांची दिवसांमागून दिवस चौकशी केली, प्रतीचा ठावठिकाणा काढून घेतला आणि त्यानंतर त्या गळफास लागलेल्या अवस्थेत सापडल्या. सोल्झेनित्सिन यांनी मग थांबायचं नाही असं ठरवलं. त्याच डिसेंबरात पॅरिसला ग्रंथ छापून निघाला. परदेशात छापून परत येणाऱ्या अशा साहित्याला ‘तमिझदात’ म्हणत. ‘ताम’ म्हणजे तिथे.

त्याच वर्षांत मुंबईच्या लोकवाङ्मय गृहातून आपल्याकडे मॉस्कोत मराठीतच छापलेली देखणी, स्वस्त पुस्तकं येत होती. ‘प्रगती’ आणि पुढे ‘रादुगा’ या प्रकाशनांची नावं अजून अनेकांच्या आठवणीत असतील. ती पुस्तकं मला आजही प्रिय आहेत. पण आपल्यासाठी मराठीत छापणाऱ्या त्या शहरात एखादी बाई रात्री दार लावून स्वतःच्याच भाषेतला मजकूर झिरझिरीत कागदावर उमटवत होती, हे कळायला मला फार वर्षं लागली.

या सगळ्यात एक कादंबरी राहिलीच. वासिली ग्रोसमन यांनी ‘जीवन आणि प्राक्तन’ छापायला दिली आणि फेब्रुवारी १९६१मध्ये केजीबीची माणसं घरी आली. त्यांनी लेखकाला नेलं नाही, कादंबरी नेली. हस्तलिखित, टंकलिखित प्रती, एवढंच काय, टाइपरायटरच्या फिती आणि वापरलेले कार्बन पेपरही, कारण त्यांवर शब्दांचे ठसे होते. ही पुढची दोनशे-तीनशे वर्षं छापता येणार नाही, अशा अर्थाचं पक्षाचे विचारप्रमुख सुस्लोव यांनी त्यांना सांगितलं. ग्रोसमन १९६४मध्ये वारले. पण मित्रांकडे ठेवलेल्या प्रती झडतीतून सुटल्या होत्या. सेम्योन लिपकिन यांच्याकडच्या प्रतीची भौतिकशास्त्रज्ञ सखारोव आदींच्या मदतीने सूक्ष्मफीत झाली, ती सीमेपार गेली आणि १९८०मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला कादंबरी निघाली. १९८८मध्ये ती मॉस्कोतही छापली गेली.

जप्त केलेले कागद गुप्तचर खात्याने अखेर जुलै २०१३मध्ये सरकारी साहित्य अभिलेखागाराच्या हवाली केले. तोवर रशियातले लोक ती कादंबरी पंचवीस वर्षं वाचत होते.