पहिला नंबर आणि घरातला दिवा

पहाटे उठावे, रोजचा धडा रोज करावा, परीक्षेच्या आदल्या रात्रीवर काही ठेवू नये, हे उपदेश मराठी घरांत चार-पाच पिढ्या चालत आले आहेत. त्यांच्या जोडीला एखाद्या थोर पुरुषाचे उदाहरण असतेच. मात्र उदाहरण सांगता सांगता त्या पुरुषाची चिकाटी तेवढी शिल्लक राहते. ती कोणत्या घरात, किती जागेत आणि कोणाच्या जागरणावर टिकली, हे गळून पडते. जे गळून पडले ते या लेखात गोळा करावे, असा माझा प्रयत्न आहे.

गुणांची आजची कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. गावच्या पंतोजीच्या शाळेत मोडी वळण, पाढे आणि पावकी-निमकी यांवर मुलाची पारख होई. ती पारख त्या ओसरीपुरती असे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली, आणि इलाख्यातली निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या ऐपतीची मुले एकाच प्रश्नपत्रिकेवर मोजली जाऊ लागली. मोजमाप सारखे झाले, पण परीक्षेला येणाऱ्या मुलांची घरे सारखी नव्हती. पुढच्या सगळ्या कथेचे मूळ मला या विसंगतीत दिसते.

त्या पहिल्या मॅट्रिकमध्ये उत्तीर्ण झालेल्या थोड्या मुलांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ साली बी.ए.च्या पहिल्या तुकडीत ते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर बरोबरच बाहेर पडले. रानड्यांचे वडील कोल्हापूर संस्थानात नोकरीला होते. मुलाला मुंबईस शिकायला ठेवता येईल एवढी त्या घराची ऐपत होती. रानड्यांनी त्या संधीचे सोने केले, पण त्याची किंमतही मोजली. अतोनात वाचनाने त्यांचे डोळे बिघडले, असे चरित्रकार सांगतात. पुढे वर्तमानपत्रे वाचून दाखवायला त्यांना माणूस लागे.

ते काम बरेचदा रमाबाई करीत. १८७३ साली लग्न होऊन त्या रानड्यांच्या घरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने शिकवायला सुरुवात केली, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी टोमणे मारायला. दिवसभर घरकाम, त्यात हा अबोला आणि हेटाळणी, आणि उरलेल्या वेळात अभ्यास, असा त्यांचा क्रम होता. त्या अभ्यासाला परीक्षा नव्हती, म्हणून नंबरही नव्हता. नियमित अभ्यासाचे उदाहरण म्हणून आपण मुलांना रानडे सांगतो. ज्या घरात त्यांचा अभ्यास कौतुकाचा होता त्याच घरात रमाबाईंचा अभ्यास अपराध होता, हे सहसा सांगत नाही.

धोंडो केशव कर्व्यांच्या गोष्टीत घराबरोबर अंतरही येते. १८७५ साली मुरुडहून साताऱ्याला ते सोबत्यांबरोबर पायी गेले, ते सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी. शंभरावर मैलांची वाट, मध्ये सह्याद्री. तिथे पोचल्यावर हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. अभ्यास पुरा, हजेरी वेळेवर, आणि तरी उत्तरपत्रिका कोरीसुद्धा हाती आली नाही. पुढे १८८१ साली ते मॅट्रिक आणि १८८४ साली बी.ए. झाले, त्यामुळे साताऱ्याची हकीकत आज आपण जिद्दीची म्हणून वाचतो. पण तिथूनच जे परत फिरले आणि पुन्हा आले नाहीत, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

आता १९१२ हे एकच साल घेऊ. त्या वर्षी चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. वडील वकील, घरात विद्येचे वातावरण. त्याच वर्षी भीमराव आंबेडकर बी.ए. झाले. पाच वर्षांपूर्वी, १९०७ साली, ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, असे धनंजय कीरांनी नोंदवले आहे. संस्कृत शिकायचे दार बंद होते, म्हणून फारसी घ्यावी लागली. बिऱ्हाड परळच्या चाळीतल्या एका खोलीत. स्वयंपाक, सरपण, माणसे सगळे तिथेच. रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत स्वतः जागत, मग मुलाला उठवत आणि त्याने सोडलेल्या जागेवर अंग टाकत. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकरांची नजर त्यांच्यावर गेली, आणि पुढे बडोद्याच्या शिष्यवृत्तीची वाट त्यांच्यामुळे सोपी झाली.

१९५० साली देशमुख अर्थमंत्री झाले तेव्हा आंबेडकर कायदामंत्री होते. शंकरशेट शिष्यवृत्तीचा मानकरी आणि २८२ गुणांचा विद्यार्थी एकाच मंत्रिमंडळात बसले. देशमुखांचे यश यामुळे तसूभरही कमी होत नाही. त्या २८२मध्ये मात्र एका मुलाच्या बुद्धीबरोबर एक खोली, एक दिवा आणि एक नाकारलेला विषयही मोजला गेला होता, एवढे मान्य करावे लागते.

सवय मुलाची असते, पण ती लागायला रिकामा कोपरा, उजेड, आणि आपल्या झोपेतून वेळ काढून देणारे कोणीतरी लागते. मुंबईकरांना हे पुस्तकांवाचून कळले होते. वरळीला बीडीडी चाळींजवळच्या एका शांत रस्त्यावर चाळीतली मुले वर्षानुवर्षे रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यासाला बसत आली, आणि लोकांनी त्या रस्त्याचे नावच ‘अभ्यास गल्ली’ पाडले. निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्या मुलाला ‘किती तास अभ्यास करायचास?’ असे आपण विचारतो. त्याच दमात ‘कुठे बसून करायचास, आणि तुझ्यासाठी कोण जागायचे?’ हेही विचारावे. शाळांच्या इतिहासातली बरीच कोरी पाने त्या उत्तरांनी भरतील.