मॉन्टेरेचा उपसागर : भरलेलें ताट आणि रिता समुद्र

आपल्याकडील कितीतरी घरांतले मुलगे, मुली आणि जांवई आज कॅलिफोर्नियांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेले आहेत, आणि त्यांचे आईवडील चार-सहा महिने तिकडे राहून येतात. पहिल्या दोन आठवड्यांत घर, बाजार आणि देऊळ पाहून होतें. मग एखाद्या शनिवारीं मुलगा म्हणतो, "बाबा, उद्यां समुद्रावर जाऊं." सॅन होजे शहराच्या दक्षिणेस सुमारें सत्तर मैलांवर मॉन्टेरे नांवाचें गांव आहे, बहुधा गाडी तिकडेच वळते. तेथें काय पाहावें आणि काय खावें हें सांगणारीं पुस्तकें विपुल आहेत. परंतु त्या वस्तू तेथें आल्या कशा, त्या कोणीं आणल्या आणि आणणाऱ्यांचें पुढें काय झालें, हें फारसें कोणी सांगत नाहीं. मॉन्टेरेच्या ताटांतील बहुतेक पदार्थांच्या मागें एकेक जमात उभी आहे. आज त्या पदार्थांच्या क्रमानेंच हा किनारा पाहूं.

सकाळचा वेळ जुन्या गांवासाठीं ठेवावा. १६०२ सालीं सेबास्तियान व्हिस्काइनो या दर्यावर्दीनें या उपसागरास न्यू स्पेनच्या व्हाइसरॉयचें, म्हणजे मॉन्टेरेच्या काउंटचें, नांव दिलें. पण वसाहत होण्यास १७७० साल उजाडलें. त्या वर्षींच्या जूनमध्यें गास्पार दे पोर्तोला या सेनाधिकाऱ्यानें येथें लष्करी ठाणें आणि हुनिपेरो सेर्रा या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकानें मठ स्थापन केला. पुढें स्पेनच्या आणि मेक्सिकोच्या अमलांत बहुतेक काळ हेंच गांव त्या प्रांताची राजधानी होतें. धक्क्याच्या तोंडाशीं असलेली जुनी जकातकचेरी अवश्य पाहावी. याच इमारतीवर ७ जुलै १८४६ रोजीं कमोडोर स्लोट यानें अमेरिकेचें निशाण चढविलें. तेथून थोड्या अंतरावर कोल्टन हॉल आहे. कॅलिफोर्नियाची पहिली राज्यघटना १८४९ सालीं तेथें तयार झाली.

शाकाहारी मंडळींनीं या गांवांत 'मॉन्टेरे जॅक' हें फिकट, मऊ चीज चाखून पाहण्यास हरकत नाहीं. मात्र चीज विरजण्यास कांहीं ठिकाणीं वासराच्या जठरांतील द्रव्य वापरतात, म्हणून वेष्टनावरील मजकूर वाचून घ्यावा. हें चीज करण्याची रीत मठवासी स्पॅनिश व मेक्सिकन लोकांची. नांव मात्र डेव्हिड जॅक्स या स्कॉच गृहस्थाचें. हा जॅक्स मोठा चतुर. १८५९ सालीं मॉन्टेरे गांवाच्या मालकीची सुमारें तीस हजार एकर जमीन लिलांवांत निघाली, ती त्यानें आणि त्याच्या भागीदारानें अवघ्या एक हजार दोन डॉलर पन्नास सेंटांस घेतली. गांवानें पुढें दावे लावले, पण उपयोग झाला नाहीं. जमीन त्याची झाली, गाई त्याच्या झाल्या, आणि शेवटीं चीजही त्याच्याच नांवाचें झालें.

या सर्वांच्या आधीं येथें रम्सेन नांवाचे मूळ रहिवासी राहत होते. ओकच्या फळांचें पीठ आणि खडकांवरच्या शिंपल्या हें त्यांचें अन्न. १७७१ सालीं सेर्रानें आपला मठ कार्मेल येथें हलविला. तो आजही उभा आहे आणि सेर्राचें दफन तेथेंच झालें आहे. २०१५ सालीं पोपनें त्यास संतपद दिलें. परंतु मठाच्या आवारांतील स्मशानहि पाहावें. मठांत आणलेल्या मूळ रहिवाशांपैकीं असंख्य लोक युरोपीय रोगांनीं आणि नव्या राहणीच्या कष्टांनीं तेथें मरण पावले. त्यांच्या साध्या थडग्यांवर अॅबलोनीच्या शिंपल्या ठेवलेल्या दिसतात. या अॅबलोनीकडे आपल्याला पुन्हां यावयाचें आहे.

दुपारच्या जेवणास मंडळी जुन्या कोळी-धक्क्यावर येतात. तेथें उपाहारगृहांच्या दारांत उभे असलेले लोक येणाऱ्या-जाणाऱ्यास चवीपुरतें 'क्लॅम चाउडर' देतात. हें तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्यांचें, बटाटे आणि साय घालून केलेलें दाट सार होय. त्यांत डुकराच्या मांसाचे तुकडे पुष्कळदां असतात, म्हणून ज्यांस तें वर्ज्य असेल त्यांनीं आधीं विचारावें. गंमत अशी कीं, जो पदार्थ खाण्यासाठीं लोक येथें गर्दी करतात तो या किनाऱ्याचा नव्हेच. तो पूर्वेकडील न्यू इंग्लंडचा. येथील भर म्हणजे तें सार ज्यांत वाढतात तो पोकळ, आंबट पाव. आपल्या घरीं जसें विरजण जपतात, तसें आंबवण जपून हा पाव करण्याची चाल सॅन फ्रान्सिस्कोंत सोन्याच्या शोधाच्या धामधुमींत रुजली.

भोजनोत्तर धक्क्याच्या कठड्याशीं उभें राहिलें तर पाण्यावर उताणा तरंगणारा, पोटावर दगड ठेवून त्यावर शिंपला फोडणारा एक केसाळ प्राणी दिसण्याचा संभव आहे. तें समुद्री ऊदमांजर. या किनाऱ्याचा पुढचा सगळा इतिहास या प्राण्याच्या कातड्यापासून सुरू होतो. त्याची लव अतिशय दाट. चीनमधील कँटनच्या बाजारांत त्या कातड्यांस मोठा भाव येई. म्हणून स्पॅनिश, रशियन आणि अमेरिकन व्यापाऱ्यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्याची अनिर्बंध शिकार केली. १९११ सालीं आंतरराष्ट्रीय करारानें शिकारीस बंदी झाली, तेव्हां कॅलिफोर्नियांतील ऊदमांजर नामशेष झालें अशीच बहुतेकांची समजूत होती. पण दक्षिणेकडील दुर्गम कड्यांखालीं थोडींशीं उरलीं होतीं. १९३८ सालीं बिक्सबी ओढ्याच्या मुखाशीं त्यांचा कळप लोकांच्या दृष्टीस पडला. आज त्या राज्यांत त्यांची संख्या सुमारें तीन हजार आहे.

आतां निसर्गाची सांखळी कशी असते तें पाहा. ऊदमांजर अॅबलोनी खातें. अॅबलोनी म्हणजे खडकास चिकटून राहणारा, एकाच शिंपलीचा, आंतून मोत्यासारखा चमकणारा जीव. खाणारा नाहींसा झाला, तेव्हां अॅबलोनीची संख्या बेसुमार वाढली. १८५० नंतर चिनी कोळी या किनाऱ्यावर आले तेव्हां खडक अॅबलोनीनें भरलेले होते. त्यांनीं तिचें मांस वाळवून स्वदेशीं पाठविलें. मागाहून जपानी पाणबुडे आले. कार्मेलच्या दक्षिणेस पॉइंट लोबोस नांवाचें रम्य भूशिर आहे. तेथें गेन्नोसुके कोडानी या जपानी गृहस्थानें अॅबलोनीचा धंदा उभारला. आज तें भूशिर राखीव उद्यान आहे. चिनी कोळ्यांचें एक जुनें लांकडी घर तेथें जपून ठेविलें आहे. सकाळीं जाऊन पायवाटांनीं हिंडण्यास इतकी सुंदर जागा क्वचितच मिळेल. पण १९४२ सालीं, युद्धाच्या भरांत, याच किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना घरेंदारें सोडून छावण्यांत जावें लागलें, हें तेथील शांततेंत आठवावें. अॅबलोनीचीहि तीच गत. उपसा वाढत गेला, रोग आला, आणि १९९७ सालीं तिची व्यापारी मासेमारी बंद करावी लागली. २०१८ पासून हौशी लोकांनाहि मनाई झाली. आज उपाहारगृहांत जी मिळते ती जोपासलेली. मॉन्टेरेच्या दुसऱ्या धक्क्याखालीं पाण्यांत पिंजरे टांगून, समुद्रशैवाल खाऊं घालून ती वाढवितात.

धक्क्यावरचा दुसरा प्रसिद्ध पदार्थ 'कॅलमारी', म्हणजे आपल्याकडचा माकूल. उपाहारगृहांत तो इटालियन नांवानें आणि इटालियन पद्धतीनें तळून मिळतो; पण येथें माकुलाच्या मासेमारीचा पाया घातला तो चिनी लोकांनीं. दिवसां इतर कोळ्यांशीं तंटे होत, म्हणून ते रात्रीं होड्यांवर लोखंडी टोपल्यांत जळाऊ लांकडें पेटवून निघत. उजेडास भुलून माकूल वर येई. पॉइंट अॅलोनीस येथें त्यांचें गांव होतें. शेजारीं १८७५ सालीं पॅसिफिक ग्रोव्ह ही मेथडिस्ट पंथीयांची विश्रांतीची वसाहत झाली. वसाहतींतील लोकांना होड्यांचे दिवे फार आवडत, पण वाळत घातलेल्या माकुलाचा वास आवडत नसे. जमीन रेल्वेशीं संबंधित असलेल्या एका कंपनीची होती आणि तिला ती मोकळी हवी होती. १६ मे १९०६ रोजीं रात्रीं आग लागली आणि गांव बेचिराख झालें. आग कोणीं लावली हें कधींच सिद्ध झालें नाहीं. परंतु रहिवाशांना पुन्हां घरें बांधूं दिलीं नाहींत, हें मात्र खरें. आज त्या जागेवर हॉपकिन्स सागरी संशोधन केंद्र आहे. पॅसिफिक ग्रोव्हच्या नगरसभेनें या प्रकरणीं २०२२ सालीं विधिपूर्वक क्षमा मागितली. शंभरांहून अधिक वर्षें गेलीं, पण मागितली.

चिनी गेले आणि सार्डिनचा जमाना आला. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्याच कुळांतला मासा. विसाव्या शतकाच्या आरंभीं येथें मासे डबाबंद करण्याचे कारखाने निघाले. क्नूट होव्हडेन या नॉर्वेच्या माणसानें यंत्रें सुधारलीं. पिएत्रो फेर्रान्ते या सिसिलीच्या कोळ्यानें लांपारा नांवाचें जाळें आणलें. पहिल्या महायुद्धांत सैनिकांसाठीं डब्यांची मागणी वाढली. होड्या मासे घेऊन आल्या कीं, रात्रीं-अपरात्रीं कारखान्याचा भोंगा वाजे. प्रत्येक कारखान्याचा भोंगा निराळा. आणि बायका अंथरुणांतून उठून कामावर धांवत. परंतु खरा नफा डब्यांत नव्हता. मासे दळून त्यांचें खत, कोंबड्यांचें खाद्य आणि तेल करण्यांत तो अधिक होता. माणसाच्या मुखांत जाणारें अन्न टनावारी यंत्रांत जाऊं लागलें. राज्यानें निर्बंध घातले, तेव्हां कांहींनीं राज्याच्या हद्दीबाहेर समुद्रांत जहाजांवरच कारखाने चालविले. १९३६–३७ च्या हंगामांत सर्व राज्यांत मिळून सात लाख टनांहून अधिक सार्डिन धरली गेली. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षें सांगत होते कीं, इतका उपसा समुद्राला सोसणार नाहीं. दुसरें महायुद्ध संपलें आणि दोन-तीन वर्षांतच होड्या रिकाम्या परतूं लागल्या. समुद्राच्या उष्णतामानांतील बदलहि यास कारण होता; पण ज्या वेळीं हात आंवरावयाचा, नेमका त्याच वेळीं तो आंवरला गेला नाहीं. कारखाने एकामागून एक बंद पडले.

जॉन स्टाइनबेक या कादंबरीकारानें १९४५ सालीं 'कॅनरी रो' ही कादंबरी या वस्तीवरच लिहिली. तिच्यांतील 'डॉक' हें पात्र एड रिकेट्स या सागरी जीवशास्त्रज्ञावरून घेतलेलें आहे. रिकेट्सची प्रयोगशाळा याच रस्त्यावर होती. १९४८ सालीं जवळच्या रेल्वेफाटकापाशीं अपघातानें त्याचा अंत झाला. कादंबरी इतकी गाजली कीं, १९५८ सालीं रस्त्यालाच तिचें नांव दिलें गेलें. तोंवर सार्डिन मात्र संपली होती.

यापुढची हकीकत एका वृद्ध स्त्रीची आहे. ज्यूलिया प्लॅट ही प्राणिशास्त्राची विदुषी. तिनें जर्मनींत डॉक्टरेट मिळविली. पण स्त्री म्हणून तिला विद्यापीठांत योग्य जागा मिळाली नाहीं. ती पॅसिफिक ग्रोव्हला येऊन राहिली आणि १९३१ सालीं, सत्तरी उलटल्यावर, गांवाची महापौर झाली. सार्डिनचे कारखाने भरांत असतांना तिनें आपल्या गांवच्या किनाऱ्याचा एक तुकडा राखीव करून घेतला. तेथें कांहीं धरावयाचें नाहीं, कांहीं तोडावयाचें नाहीं. तिचें म्हणणें असें कीं, बीज राखलें तर शेजारचा किनारा पुन्हां भरेल. १९३५ सालीं ती वारली. पुढें ऊदमांजरें उत्तरेकडे परतलीं, तेव्हां त्या तुकड्यांत त्यांना खावयास अन्न होतें. त्यांनीं शैवाल फस्त करणारे काटेरी जीव खाल्ले, आणि शैवालाचीं अरण्यें पुन्हां उभीं राहिलीं. १९८४ सालीं होव्हडेनच्या बंद कारखान्याच्या जागीं मोठें मत्स्यालय उघडलें. त्यांतील अठ्ठावीस फूट उंचीच्या टाकींत जिवंत शैवालाचें अरण्य डोलतें. दुपारचे दोन-तीन तास येथें खुशाल घालवावेत; मुलांना तर हलवेंसें वाटत नाहीं. बाहेर पडल्यावर जुन्या रेल्वेच्या मार्गावरून आतां केलेली पायवाट आहे. तिच्यावरून चालतांना उजवीकडे तोच ज्यूलिया प्लॅटचा समुद्र दिसतो.

परततांना वाटेवर कॅस्ट्रोव्हिल लागतें. तेथें आर्टिचोक अवश्य खावें. हें काटेरी झाडाचें न उमललेलें फूल. १९२० नंतर इटालियन शेतकऱ्यांनीं या धुकट हवेंत त्याची लागवड वाढविली. तें उकडून एकेक पाकळी ओढावी, लोण्यांत बुडवावी आणि दांतांनीं तिचा गर ओरबाडून घ्यावा. ऐन उन्हाळ्यांतहि येथें गार धुकें असतें, म्हणून शाल-स्वेटर बरोबर ठेवावा.

एक गोष्ट सांगून थांबतों. पुढें सार्डिन परत आली होती. तिची मासेमारीहि सुरू झाली. पण संख्या पुन्हां घसरली, तेव्हां २०१५ सालीं ती थांबविण्यांत आली. आपल्या कोंकण-मलबारच्या किनाऱ्यावरची तारलीहि अशीच लहरी. कांहीं वर्षें ती टोपल्यांनीं येते, तर कांहीं वर्षें दिसेनाशी होते. मॉन्टेरेच्या उपाहारगृहांत वाढप्याला विचारलें कीं, हा मासा कोठला, कसा धरलेला, तर पुष्कळदां तो नीट उत्तर देतो. कारण तेथें लोकांना विचारण्याची संवय लागली आहे. परत आल्यावर हाच प्रश्न आपल्या बाजारांतल्या कोळणीला विचारून पाहावा. तिला याबाबत आपल्यापेक्षां पुष्कळच अधिक ठाऊक असतें. पण आपण तिच्याशीं आजवर भावाखेरीज दुसरें बोललोंच नाहीं.