अण्णांची हेराल्ड

मुधोळ म्हटले की लोकांना कर्नाटकातले घोरपड्यांचे संस्थान आणि तिथली शिकारी कुत्री आठवतात. आमचे मुधोळ ते नव्हे. आमचे बासरजवळचे, गोदावरीच्या मुलखातले. निजामाच्या राज्यात ते नांदेड जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तालुका आंध्र प्रदेशात, आदिलाबादकडे गेला. २०१४ मध्ये राज्य तेलंगण झाले आणि २०१६ मध्ये जिल्हा निर्मल. माझे वडील तिथल्या मराठी घरातले. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. "मी जागेवरच होतो, नकाशे हलले," एवढेच ते म्हणत.

नोकरीसाठी ते गोव्यात आले आणि इथेच राहिले. आमच्यात भांडण नव्हते, पण बोलायला विषयही नव्हता. तो सापडला त्यांच्या निवृत्तीनंतर, एका भंगारवाल्याच्या आवारात. ती होती स्टँडर्ड हेराल्ड.

ही मोटार मूळची इंग्लंडची. १९५९ मध्ये 'ट्रायम्फ हेराल्ड' म्हणून ती बाजारात आली. आकार दिला होता इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने. १९६२ ची प्रसिद्ध स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार याच हेराल्डची चेसिस आखूड करून उभी राहिली. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासजवळ वंडलूरला हेराल्ड तयार होऊ लागली. इंजिन अवघे ९४८ सीसीचे. ॲम्बॅसेडर, फियाट आणि हेराल्ड एवढीच निवड असलेल्या त्या काळात वेगाची हौस असणाऱ्यांना हीच जवळची. शोलावरमच्या धावपट्टीवरच्या शर्यतींतही हेराल्ड धावत.

आमच्या गाडीचा पत्रा गोव्याच्या खाऱ्या हवेने खाल्ला होता. पण हेराल्डचे एक बरे: चेसिस वेगळी आणि वरचे भाग बोल्टने जोडलेले. एकेक भाग सोडवून दुरुस्त करता येतो. बॉनेट तर दोन्ही मडगार्डांसकट पुढे उघडते आणि सगळे इंजिन समोर येते. दोन पावसाळे आम्ही त्या बॉनेटच्या दोन बाजूंना उभे राहिलो. पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये मी ग्रीस भरू लागलो, तेव्हा अण्णांनी हात धरला. "तिथं ग्रीस नाही, गिअर ऑइल. ग्रीसनं ते कोरडं पडतं आन् तुटतं." इतक्या वर्षांत त्यांनी मला शिकवलेली ती पहिली गोष्ट असावी.

दुसरी गोष्ट चालवताना. मागची चाके स्विंग ॲक्सलवर. वळणात वेग असताना एकदम ॲक्सिलरेटर सोडला तर चाके आत दुमडू पाहतात. "वळणाआधीच वेग कमी कर. वळणात घाबरून पाय काढू नको," ते सांगत. ते मोटारीबद्दलच बोलत होते, पण मला ते इतरत्रही उपयोगी पडले.

तिसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, आम्ही मुधोळला निघालो. बेळगाव, सोलापूर, लातूर, नांदेड, धर्माबाद. बासरला गोदावरी पाहिली. मुधोळच्या बाजारात पाट्या तेलुगूत होत्या. एका म्हाताऱ्या दुकानदाराने गाडीभोवती चक्कर मारली आणि मराठीतच विचारले, "कुठली म्हणायची?"

अण्णा उतरले. "गाडी गोव्याची. मी इथला."

अण्णा आता नाहीत. दर वर्षी मृगाआधी मी ट्रनियनमध्ये तेल भरतो. ग्रीस नाही.