पडेगावच्या अंगणात मर्फी

चपला इथे कडुनिंबाच्या बुंध्याशी काढा आणि जागा लक्षात ठेवा. परत जाताना पन्नास जोड्यांतून आपली जोडी शोधायची आहे, तीही अंधारात. आता वाकून पुढे या, नाहीतर मागून ओरडा बसेल. त्या पोत्यावर दोन पोरांच्या मधे वीतभर जागा दिसतेय ना? तेवढी पुष्कळ झाली. बसा.

१९८९ चा मे महिना आहे. औरंगाबादहून छावणी मागे टाकून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की येतं ते पडेगाव. दिवसभर तापलेली जमीन पोत्यातूनही मांडीला चटका देतेय. वाऱ्याचं नाव नाही. कडेला गोठ्यात म्हैस फुरफुरतेय, कासवछाप अगरबत्तीचा धूर नाकात जातोय, कुणीतरी भाजलेल्या शेंगांची पुडी सोडलीय आणि टरफलं तुमच्या पाठीवर पडताहेत. रस्त्यावरून ट्रक गेला की पडद्यावरचं बोलणं ऐकू येत नाही. ट्रक जाईपर्यंत सगळं अंगण श्वास धरून थांबतं.

पडदा म्हणजे तो समोरच्या टेबलावरचा रंगीत टीव्ही. पोरांनी वर्गणी काढून तो एका रात्रीच्या भाड्याने आणलाय, बरोबर व्हीसीआर आणि तीन कॅसेटी. व्हीसीआर स्कूटरवर मागे बसलेल्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा आला. खाम नदीच्या पुलावर स्कूटर जराशी उडाली तेव्हा त्याच्या काळजाचा ठोका चुकला होता म्हणे. पहिली कॅसेट बायाबापड्यांसाठी देवाची, दुसरी मिथुनची. आता मध्यरात्र उलटलीय. म्हातारी माणसं झोपायला गेली, लहान पोरं आईच्या मांडीवर आडवी झाली. तिसरी कॅसेट इंग्लिश आहे.

खटकन कॅसेट आत जाते आणि पडद्यावर मुंग्या. "हेड साफ कर रे!" एक जण खिशातून कोरी नोट काढतो, पेट्रोलमध्ये बुडवतो आणि झाकण उघडून हलक्या हाताने फिरवतो. तो पेट्रोलचा वास आणि गरम प्लॅस्टिकचा वास नीट हुंगून घ्या. इथे बसलेल्या माणसाला हा वास आजही कुठे आला, तरी त्याला हेच अंगण आठवतं.

चित्र येतं आणि अंगणात गोंधळ उडतो. चक्क बातम्या लागल्यात! "अबे, हे दूरदर्शन कुठून आलं?" कॅसेटवर कुणीतरी भलतंच टेप केलंय अशी सगळ्यांची खात्री होते. पण दूरदर्शनची बाई असं हसत नाही. इथे निवेदक माणसं मेल्याची बातमीही दात दाखवत देतात, आणि मधेच जाहिरात: टेबलाभोवती बसलेलं कुटुंब 'व्यापार'सारखा पट मांडून खेळतंय, फक्त डाव अणुबॉम्बचा आहे. इंग्रजीचा एक शब्द कळत नसताना पोरं बरोबर तिथेच हसतात. व्यंग कळायला भाषा लागतेच असं नाही, हे मला त्या हसण्यावरूनच पटलेलं आहे.

तुम्ही पुढच्या काळातून आलाय, त्यामुळे तुम्हाला काही गोष्टी ठाऊक आहेत. हा 'रोबोकॉप', पॉल व्हर्होवेन या डच दिग्दर्शकाचा, १९८७ चा. अमेरिकेतल्या सेन्सॉरने तो पुन्हा पुन्हा परत पाठवला, रक्तपाताला कात्री लावायला लावली. गोष्ट डेट्रॉइटची असली तरी चित्रीकरण बरंचसं डॅलसमध्ये झालं. पण हे शेजाऱ्याला सांगत बसू नका. सांगायचं काम इथे दुसऱ्याकडे आहे.

तो बघा, टीव्हीशेजारी उकिडवा बसलेला. नुकताच शहरातल्या कॉलेजात जायला लागलाय, म्हणून अर्थ सांगायचा मान त्याचा. अर्धं त्याला कळतं, अर्धं तो रचतो. मोठ्या बैठकीच्या खोलीत ते धिप्पाड यंत्र येतं, ईडी-२०९, कोंबड्यासारख्या उलट्या गुडघ्यांचं. "त्याला म्हणू राहिला, पिस्तूल टाक. २० सेकंद देऊ राहिला." माणूस पिस्तूल टाकतो. यंत्र मोजतच राहतं. मग जे होतं, त्यावर आधी शांतता आणि मागून एक आवाज, "अरे, टाकलं होतं ना त्याने!" फिल टिपेट यांनी ते यंत्र एकेक चौकट हलवून जिवंत केलंय. पुढे तेच यंत्र जिना उतरायला जातं आणि धडपडून उताणं पडतं, तेव्हा झोपलेली पोरंही हसण्याच्या आवाजाने उठतात.

मग सिनेमाच्या नायकाला, मर्फीला, मारतात तो प्रसंग येतो. मी तुम्हाला थांबवणार नाही, पण शेजारची ताई धाकट्याच्या डोळ्यांवर पदर धरते, तसं तुम्हालाही मान फिरवावीशी वाटेल. मर्फी पोलीस शिपाई आहे, आजच नव्या ठाण्यात रुजू झालाय. इतका वेळ शेंगा फोडणारे हात थांबलेत.

मग त्याला लोखंडात पुन्हा उभं करतात, आणि उकिडवा पोरगा एकच वाक्य सांगतो: "आता तो कंपनीचा झाला."

या वाक्यावर माना हलतात. इथे 'कंपनी' शब्द कुणाला समजवावा लागत नाही. १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना सुरू आहे, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत भोंगे वाजतात. "पोरगा कंपनीत लागला" म्हटलं की पेढे वाटतात. दुसऱ्या पाळीहून आलेला एक जण आत्ता तुमच्या मागेच, अंगातला शर्टही न बदलता बसलाय. पडद्यावरचं शहरही मोटारी बनवणारं आहे. तिथला माणूस मेला तरी कंपनी त्याला सुट्टी देत नाही, ही गोष्ट या अंगणाला फार दूरच्या देशातली वाटत नाही. 'रोबोकॉप'ची खरी धार गोळीबारात नाही, ती इथे आहे. ती जगातल्या पुष्कळ शहाण्या समीक्षकांच्या आधी पडेगावसारख्या अंगणांत कळली असेल, असं मी मनापासून मानतो.

आता नीट बघा. लोखंडी मर्फी एका रिकाम्या घरात शिरतो. घर विकायला काढलंय. घरातल्या पडद्यातून विक्रेता बडबडतोय. खोलीखोलीत त्याला बायको दिसते, मुलगा दिसतो, आणि नसतात. मुलाने हौसेने मागितलेली पिस्तूल फिरवायची लकब त्याच्या हातात राहिलीय, मुलगा राहिला नाही. पीटर वेलर हा नट मोनी याकीम या मूकाभिनयाच्या गुरूंकडे ही चाल शिकला होता. चेहरा झाकलेला, तरी खांद्यांवरून दुःख कळतं.

"फॉरवर्ड कर रे, मारामारी लाव!" मागून गलका होतो. बोट बटणाकडे जातं.

चहाची किटली घेऊन आलेली घरची काकू दारातच थांबलीय. सबंध सिनेमाभर तिने पडद्याकडे बघितलं नव्हतं. "राहू दे," ती म्हणते. "त्याला त्याचं घर बघू दे."

बोट मागे येतं. किटलीच्या नळीतून वाफ निघतेय, ट्रकही नाही, म्हैसही गप्प. सगळं अंगण त्या रिकाम्या घरात त्याच्याबरोबर फिरतं.

शेवटी कंपनीचा म्हातारा साहेब त्याला नाव विचारतो आणि तो म्हणतो, "मर्फी." एवढा एक शब्द अख्ख्या अंगणाला अर्थ न सांगता कळतो. टाळ्या, शिट्ट्या, आणि कुठूनतरी दचकून भुंकलेलं कुत्रं. पूर्वेला फटफटतंय. चपला शोधा, डावी सापडेल, उजवीला वेळ लागेल.

परत आलात? त्या पोरांचे केस आता पांढरे झालेत. २०११ मध्ये तिकडे डेट्रॉइटमध्येही चाहत्यांनी वर्गणी काढली, मर्फीच्या पुतळ्यासाठी, आणि ६० हजार डॉलरहून जास्त जमले. वर्गणी काढून मर्फीला आणायची पडेगावची रीत त्यांनाही सुचली, याचं मला फार बरं वाटलं.

सिनेमा आज मोबाइलवरही मिळतो, स्वच्छ, मुंग्यांशिवाय. बघा. घरातल्या पोरांना हिंसा झेपेल एवढी मोठी झाल्यावर त्यांनाही दाखवा. फक्त रिकाम्या घराचा प्रसंग आला की बोट आवरा. तो फॉरवर्ड करू नका.